रणगाड्याचे पैसे पोराला आणि कुत्र्याला द्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. सप्टेंबर १९४८, पोलीस ॲक्शनचे दिवस, म्हणजे भारतीय फौज निजामाच्या हैदराबाद संस्थानात शिरली ते. सोलापूरहून नळदुर्गकडे जाताना लागणाऱ्या तेव्हाच्या सरहद्दीवरचं एक लहान गाव. तिथला दहा वर्षांचा मुलगा आणि त्याचा कुत्रा. एका रात्री कुत्रा मोगलाईच्या, म्हणजे निजामाच्या, हद्दीत जातो आणि मुलगा त्याला शोधायला निघतो. तुमच्या हातात ३५ लाख रुपये आहेत, नावाजलेला नट एकही नाही. युद्धाचा सिनेमा एवढ्या पैशात होत नाही, असं तुम्हाला जाणत्या लोकांनी सांगितलंय. म्हणून तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात: रणगाडे आणि गोळीबार कसा दाखवायचा, कुत्रा मुंबईहून ट्रेनरसकट आणायचा का, आणि शेवटी कुत्रा मरावा का.

मी सोलापूरचीच, पूर्व भागातली. गेली २४ वर्षं मराठी चित्रपटांच्या प्रॉडक्शनमध्ये आहे. आधी सहायक दिग्दर्शक, नंतर कार्यकारी निर्माती. त्यातल्या चार चित्रपटांत जनावरं होती, आणि लहान मुलं तर जवळजवळ सगळ्यांत. त्या अनुभवावर सांगते, ३५ लाखांत हा सिनेमा होतो. मात्र रणगाड्यासाठी बाजूला काढलेला पैसा तुम्हाला वेळेवर खर्चावा लागेल. कॅमेरा यायच्या आधी मुलानं आणि कुत्र्यानं दोन महिने एकत्र काढले पाहिजेत. बाकीच्या गोष्टी ऐनवेळी धावपळ करून जमवता येतात, ही एक जमवता येत नाही.

कुत्र्यापासून सुरुवात करते. काही वर्षांपूर्वी एका चित्रपटासाठी आम्ही बाहेरून शिकवलेला कुत्रा आणला होता. गुणी जनावर. बस म्हटलं की बसायचा, भुंक म्हटलं की भुंकायचा. पण एडिटिंगला बसल्यावर कळलं की एकाही शॉटमध्ये तो मुलाकडे बघत नव्हता. त्याची नजर कॅमेऱ्याच्या बाजूला, ट्रेनरच्या मुठीतल्या बिस्किटावर. मुलगा त्याच्या गळ्यात पडून खरं रडतोय, आणि कुत्रा त्याच्या खांद्यावरून तिसऱ्याच माणसाकडे बघतोय. प्रेक्षकाला कारण सांगता येत नाही, पण खोटेपणा त्याला लगेच जाणवतो. शेवटी आम्ही कान, शेपूट आणि पाठमोरे शॉट वापरून तो प्रसंग कसाबसा जोडला. त्याच शूटिंगमध्ये मे महिन्यात, सकाळी अकरा वाजता, तो कुत्रा चालता चालता बसला. जीभ गडद लाल, लाळ चिकट, मागचे पाय लटपटायला लागले. सावलीत नेलं, पोटावर आणि पंजांवर ओली फडकी ठेवली, डॉक्टर पोचेपर्यंत आमचा जीव टांगणीला लागला होता. वाचला तो. पण त्या दिवसाची कॉल शीट, म्हणजे कुणी किती वाजता यायचं ते वेळापत्रक, मी काढली होती, आणि सोलापूरचा मे म्हणजे काय हे मला जन्मापासून माहीत होतं. ते मी विसरलेले नाही.

म्हणून माझं ठाम मत असं की तुमच्या सिनेमात ट्रेनर हा मुलगाच असला पाहिजे. जाणकार माणूस शिकवायला हवाच, पण त्यानं कुत्र्याला शिकवण्याऐवजी मुलाला शिकवावं. पहिले दोन आठवडे कुत्र्याला खायला फक्त मुलानंच घालायचं. फिरवायला त्यानंच न्यायचं, आंघोळ त्यानंच घालायची. नंतर पाच-सहा गोष्टी पुरतात: ये, थांब, मागं चल, खाली झोप, भुंक. आणि सगळ्यात अवघड म्हणजे काहीही न करता माझ्याजवळ बसून राहा. ही शेवटची गोष्ट ज्या कुत्र्याला येते तो तुमचा नट.

जात कुठली, असं विचाराल. आपल्या भागात धनगरांकडे आणि शेतकऱ्यांकडे कारवानी कुत्री असतात. उंच, सडपातळ, लांब पायांची. पडद्यावर देखणी दिसतात, आणि नजरेवर शिकार करणारी असल्यामुळे ससा दिसला की कुणाचं ऐकत नाहीत. तुमच्या कथेत कुत्रा हद्द ओलांडून का जातो याचं उत्तरच तिथं मिळतं. तरीही मी साधं गावठी कुत्रं घेईन. कारवानी कुत्रं स्वतःतच असतं, त्याला शिकवायला वेळ लागतो. गावठी कुत्रं भाकरीच्या तुकड्यावर जीव लावतं आणि उन्हातही जास्त टिकतं. दीड ते तीन वर्षांचं बघा. एकाच वेतातली सारख्या रंगाची दोन मिळाली तर फारच उत्तम. एक दमलं की दुसरं उभं करता येतं. रेबीजची आणि डिस्टेंपर-पार्व्होची लस शूटिंगच्या बऱ्याच आधी झालेली हवी, आणि तिची नोंद कागदावर हवी.

तुम्ही कथेत कुत्र्याचं नाव शेरू ठेवलंय. ते बदला असं सुचवते. खंडोबाच्या सोबत कुत्रा असतो, आणि त्याच्या भक्तांनाही आपण वाघ्याच म्हणतो. सोलापूरच्या पोरानं इथल्या बाळे गावच्या खंडोबाची जत्रा पाहिलेली असणार. वाघ्या, खंड्या, मोत्या असं काही असेल तर आजीनं त्या कुत्र्याला उंबऱ्याबाहेर तरी जेवण का वाढलं हे वेगळं सांगावं लागत नाही.

आता युद्ध. तारखा तुम्हाला माहीत आहेत, पण पंचांग काढून बघितलंत का? १३ सप्टेंबर १९४८, सोमवार. भाद्रपदाचा शुक्ल पक्ष, म्हणजे घरोघरी, निदान आपल्या बाजूला, गणपती बसलेले. मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्या फौजेनं पहाटे चारच्या सुमारास सोलापूरच्या बाजूनं हद्द ओलांडली. चंद्र दशमी-एकादशीचा, म्हणजे मध्यरात्रीनंतर दोनेक तासांत मावळलेला. फौज निघाली तेव्हा मिट्ट काळोख. तुमच्या पटकथेत त्या रात्री लख्ख चांदणं आहे. ते रात्रीच्या पहिल्या भागात ठेवा आणि कुत्रा निघून जातो तेव्हा विझवा. लाईटचा निम्मा खर्च कमी होईल आणि प्रसंग खराही होईल. नळदुर्ग सोलापूरपासून सुमारे ४५ किलोमीटरवर. तिथला बोरी नदीवरचा पूल फौजेनं न मोडता ताब्यात घेतला आणि किल्ला पहिल्याच दिवशी पडला. १७ तारखेला निजामानं शरणागती पत्करली, ती अनंत चतुर्दशीच्या सुमाराला. पाच दिवसांचं युद्ध आणि गणपतीचे शेवटचे पाच दिवस एकावर एक येतात. दहा वर्षांचं पोर त्या दिवसांकडे विसर्जनाचे दिवस म्हणूनच बघणार. एवढं हातात असताना तुम्हाला रणगाडा दाखवायची गरजच काय?

कुत्र्याला तो आधी ऐकू येतो. माणसाचा कान २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो, कुत्र्याचा सुमारे ४५,००० पर्यंत. आपल्याला शांतता वाटते तेव्हा त्याचे कान वळलेले असतात. हेच तुमचं युद्धाचं दृश्य. मुलगा झोपलेला, कुत्र्याची मान वर, एक कान रस्त्याकडे. पडद्यावर अजून काहीच आवाज नाही. मग दूरवर लोखंडाची किरकिर. मग तांब्यातलं पाणी हलतं. मग मुलगा जागा होतो. प्रेक्षक तोपर्यंत दोन मिनिटं घाबरलेला असतो, आणि तुमचा खर्च झालेला असतो एका कंदिलाच्या तेलाचा.

कान वळवण्याचा शॉट मिळवायची रीत अशी. दोन माणसं डावीकडे-उजवीकडे लांब लपवून बसवायची, प्रत्येकाकडे वेगळा, कुत्र्यानं आधी न ऐकलेला बारीक आवाज. चुरचुरणारा कागद, रबरी खेळणं, नारळाची करवंटी. एक आवाज दोनदाच वापरायचा. तिसऱ्या वेळी कुत्रा मान वळवत नाही, त्याला कळलेलं असतं. म्हणून तालमीत हे आवाज काढायचेच नाहीत, आणि पहिला टेक चुकवायचा नाही. क्लॅपसुद्धा शॉटच्या शेवटी, हळू. माइकवरचं केसाळ कव्हर पहिल्या दिवशीच कुत्र्याला हुंगू द्या, नाहीतर ऐन शॉटमध्ये ते त्याला एखाद्या जनावरासारखं वाटतं आणि तो झेप घेतो.

रणगाडा गेल्यावरचं दृश्य मात्र दाखवा. चिखलात उमटलेले पट्टे, त्यात साचलेलं पाणी, त्यात पोराचा अनवाणी पाय. हे पट्टे पोकलेननं उमटतात. तालुक्याच्या ठिकाणी पोकलेन तासाच्या भाड्यानं मिळतं. आदल्या संध्याकाळी काळ्या रानातल्या गाडीवाटेवरून ते दोनदा फिरवा, आणि साऊंडवाल्याला बरोबर न्या. त्याच्या चेनची कुरकुर जवळून, लांबून, बांधाआडून, तिन्ही प्रकारे रेकॉर्ड करून ठेवा. नंतर मिक्सिंगमध्ये तोच तुमचा रणगाडा. विमानांनाही हेच लागू. त्या मोहिमेत हवाई दलाची टेम्पेस्ट विमानं होती, पण पोराला विमान बघायला मिळायच्या आत ते डोक्यावरून गेलेलं असतं. आकाशाकडे बघणारे चेहरे दाखवले की पुरतं. कॅमेरा सबंध सिनेमाभर मुलाच्या छातीच्या वर न्यायचा नाही, असा नियमच करा. मग गणवेशातल्या माणसाचे बूट, पट्टा, बंदुकीचा दस्ता एवढंच फ्रेममध्ये येतं, आणि वीस शिपायांच्या जागी चार जण पुरतात. त्या चौघांचे कपडे मुंबईहून भाड्यानं आणू नका. सोलापूर युनिफॉर्म शिवणारं शहर आहे. जुने फोटो दाखवा, जाड खाकी ड्रिल घ्या, इथला कारागीर तुम्हाला चांगलं शिवून देईल. नंतर ते कपडे चार वेळा धुऊन उन्हात टाका. गावात बंदुका, मग त्या लाकडाच्या का असेनात, काढायच्या आधी पोलीस ठाण्याला आणि ग्रामपंचायतीला लेखी कळवा.

कुत्रा असलेल्या शॉटमध्ये खरा स्फोट, फटाका, मोठा आवाज अजिबात नको. हे नुसतं माझं मत नाही, चित्रपटातल्या जनावरांबद्दलच्या २००१ च्या नियमांतच ते आहे. चित्रपटात जनावर वापरायचं तर भारतीय पशुकल्याण मंडळाची परवानगी शूटिंगच्या आधी घ्यावी लागते. मंडळाचं कार्यालय हरियाणात बल्लभगडला आहे. पशुवैद्यकाचा दाखला, मालकाची कागदपत्रं, आणि जनावर कुठल्या दृश्यात नेमकं काय करणार आहे हे लिहून द्यावं लागतं. गुंगीचं औषध देऊन झोपवायला बंदी आहे. झोपलेला कुत्रा हवा असेल तर त्याला सकाळी भरपूर हिंडवा, पोटभर खाऊ घाला आणि कॅमेरा लावून गप्प बसा. मंडळाचं प्रमाणपत्र नसेल तर सेन्सॉरकडे तुमचा सिनेमा अडकतो, आणि तेव्हा मागची तारीख घालून काही करता येत नाही. हे काम पटकथा पक्की झाली त्याच आठवड्यात सुरू करा.

मुलाचं तसंच. चौदा वर्षांखालच्या मुलाला घेऊन शूटिंग करायचं तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, ओळीनं २७ दिवसांपेक्षा जास्त नाही, आणि त्याच्या मानधनातला किमान २० टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावे मुदतठेवीत. बरेच लोक याला कटकट मानतात. मी हे नियम समोर ठेवूनच वेळापत्रक आखते. सकाळी आठ ते अकरा, मग सुट्टी, जेवण, झोप, शाळेचा अभ्यास. आणि साडेचार ते साडेसहा. झाले पाच तास. हीच वेळ कुत्र्याच्या तब्येतीला चालते आणि हाच उजेड चेहऱ्यावर चांगला पडतो. पहाटेसाठी मुलाला चार वाजता उठवायची गरज नाही. पहाटेचा प्रसंग संध्याकाळच्या उतरत्या उजेडात घ्यायचा, फक्त आभाळाची दिशा आणि पाखरांचे आवाज सांभाळायचे. मधल्या वेळात मोठ्यांचे प्रसंग उरका. जमीन तापलीय का हे कळायला तळहात उलटा करून मातीवर सात सेकंद ठेवा. तुमच्या हाताला सोसत नसेल तर कुत्र्याला तिथं चालवायचं नाही. आणि कुत्रं उगाच जांभया द्यायला लागलं, ओठ चाटायला लागलं, शेपूट आत घेतली, की ते घाबरलंय किंवा कंटाळलंय. पॅकअप म्हणायला तेव्हा लाजू नका.

शूटिंग सप्टेंबरमध्येच करा. रब्बी ज्वारीसाठी तयार करून ठेवलेलं काळं रान, मधेमधे तूर-बाजरी, वर ढग. ही फ्रेम आपल्याकडे वर्षातून एकदाच मिळते. मात्र लोकेशन बघताना विजेच्या खांबांपेक्षा झाडांकडे जास्त लक्ष द्या. खांब नंतर पुसता येतो. १९४८ साली गाजर गवत इथं नव्हतं, ते १९५० च्या दशकात आलं. आणि सप्टेंबरात तर बांध न् बांध त्यानं पांढरा झालेला असतो. दोन दिवस आधी गावातल्या बायकांना रोज देऊन ते उपटून घ्या, हातमोजे देऊन, कारण अंगाला खाज सुटते. वेडी बाभूळ दिसली तर कॅमेरा फिरवा. ऊसही नको. उजनी धरण पुरं झालं १९८० ला, तोवर या भागात आजच्यासारखा ऊस कुठला? हैदराबादचा महामार्ग आता चारपदरी आहे, तेव्हा बोरामणी-तांदूळवाडीच्या आत, रस्ता सोडून, अक्कलकोटच्या दिशेनं शोधा. नळदुर्गच्या किल्ल्याचा मोह टाळा. पुरातत्त्व खात्याची परवानगी, त्यात त्याच दिवसांत नर-मादी धबधबे वाहत असले की माणसांची झुंबड. किल्ला क्षितिजावर एकदा, लांबून.

मुलगा गावातलाच घ्या. आपल्या जिल्ह्यातल्या जेऊरच्या नागराज मंजुळे यांनी कॅमेरा कधी न पाहिलेल्या पोरांकडून काय काम करून घेतलं ते सगळ्यांनी पाहिलंय. भाषाही त्याचीच राहू द्या. हद्दीवरच्या पोराच्या तोंडात कानडी असते, मोगलाईतून आलेल्याच्या तोंडात उर्दू शब्द. दोन बाजूंचे रुपयेही वेगळे होते, इकडचा कलदार आणि तिकडचा हाली. करोडगिरी, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर पोराच्या मुठीत चुकीचं नाणं निघतं, एवढ्या एका शॉटवर सरहद्द म्हणजे काय ते कळेल.

एका गोष्टीबद्दल मात्र मला काळजी वाटते. तुमची कथा १७ सप्टेंबरला, तिरंगा लागल्यावर, आनंदात संपते. रझाकारांनी, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र टोळ्यांनी, केलेले अत्याचार खरे आहेत, माझ्या आजीकडे त्या दिवसांत मोगलाईतून आलेली कुटुंबं राहून गेली होती, आणि तुम्ही ते दाखवलंच पाहिजे. पण त्यानंतरच्या आठवड्यांत मुसलमान वस्त्यांवर जे सूड उगवले गेले तेही खरं आहे. भारत सरकारनंच पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीनं मृतांचा आकडा २७,००० ते ४०,००० असा अंदाजला, आणि सर्वांत जास्त झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबादचं, म्हणजे तुमचा कुत्रा जिथं गेला त्याच जिल्ह्याचं नाव आहे. पलीकडच्या गावात कुत्र्याला चार दिवस भाकरी घालणारा पिंजाऱ्याचा, म्हणजे कापूस पिंजणाऱ्या मुसलमानाचा, मुलगा तुम्ही लिहिलाय. सगळ्या पटकथेत तो मला सर्वांत आवडला. तो १७ तारखेनंतर कुठं गेला हे सिनेमानं विचारलं नाही, तर मला वाटतं तुम्ही त्या पोराला फसवलंत. उत्तर द्यायची गरज नाही. मुलगा कुत्र्याला घेऊन पुन्हा त्या घराशी येतो, कुत्रा ओळखीनं आत धावतो, आणि घर रिकामं आहे. कुत्रा परत परत आत जाऊन बाहेर येतो. एवढंच दाखवा.

यातच तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आलं. कुत्रा मरू नये. कुत्र्याच्या मरणावर प्रेक्षक हमखास रडतो, आणि रडून मोकळा होतो. घराकडे परतताना सारखं मागं वळून बघणारा कुत्रा त्याला घरी जाऊनही सोडणार नाही. शिवाय तो शॉट तुम्हाला खराच मिळेल. त्या रिकाम्या घरात दोन महिने ज्या पोरानं त्याला खाऊ घातलं असेल, तो त्या दिवशी तिथं नसेल, बस्स. म्हणजे पिंजाऱ्याच्या मुलाचं काम करणाऱ्या पोरालाही त्या दोन महिन्यांत सामील करून घ्या. आठवड्यातून तीन दिवस तरी त्यानं कुत्र्याला खाऊ घालावं, आणि तेही त्याच घराच्या अंगणात.

पुढचा सप्टेंबर धरायचा असेल तर दोन्ही परवानग्यांचे अर्ज एप्रिलमध्ये, मुलांची निवड मे महिन्याच्या सुट्टीत, आणि कुत्रं जूनच्या मध्यापर्यंत. कुत्रं बघायला जाताना मुलाला बरोबर न्या आणि तुम्ही लांब उभे राहा. त्याला हाका मारू देऊ नका, खिशात खाऊ ठेवू देऊ नका. पोराला नुसतं वाड्यात बसवा, अर्धा तास. जे कुत्रं आपणहून उठून त्याच्याजवळ येऊन बसेल ते घ्या. त्याचं भावंड त्याच रंगाचं असेल तर तेही.